हुकुमाविना चाललेली वाट : नाणेघाटातील एक दिवस

"डोंगर चढायला पैकं भरायचं व्हय? आमचा समदा जलम चालन्यातच गेला की!"

डिसेंबरमधल्या एका रविवारी वंदना संपल्यावर मी विहारात सूचना वाचून दाखवली, तेव्हा मागच्या रांगेतून हा प्रश्न आला. सूचना साधी होती. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी शिरूर आणि दौंडच्या उपासक-उपासिकांनी मिळून नाणेघाट पायी चढायचा, वरून जुन्नरला उतरायचे, लेण्याद्रीच्या चैत्यगृहात वंदना घ्यायची आणि रात्री घरी परतायचे. माणशी पाचशे रुपये वर्गणी. प्रश्न विचारणाऱ्या मावशींचे वय बहात्तर. जन्मभर लोकांच्या रानात खुरपणी केलेली बाई. त्यांच्या प्रश्नावर सारे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न खरा होता.

वाचकहो, आपल्या समाजाला चालण्याची नवलाई नाही. आपले आजोबा-पणजोबा जितके चालले तितके क्वचितच कोणी चालले असेल. गावकीच्या कामात तराळाने चावडीचा हुकूम घेऊन निघायचे. मयताचा सांगावा पाच-दहा कोसांवरच्या पाहुण्यांना पोचवायचा. वसुलीचा भरणा तालुक्याला न्यायचा. साहेब आला तर त्याच्या घोड्यापुढे धावायचे. ऊन नाही, पाऊस नाही, रात्र नाही. मोबदला काय, तर तुटपुंजी वतनाची जमीन आणि दारोदार मागितलेला भाकरतुकडा. या गुलामीचे मूळ महार वतनात आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने, ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. कायदा झाला, पण गावाने आपली सवय लगेच सोडली असे नाही. मावशींचे वडील त्यानंतरही काही वर्षे सांगावे घेऊन चालत होते, आणि लहानपणी मावशी त्यांच्या मागे मागे चाललेल्या होत्या.

अशा माणसाला आपण कोणत्या तोंडाने सांगायचे की, चला, हौसेने चालू या? मी एवढेच म्हणालो, "मावशी, तुम्ही आलात तर तुमची वर्गणी माझ्याकडे लागली." मावशी ताडकन् म्हणाल्या, "कुनाचं फुकट नको." आणि कनवटीची पाचशेची नोट त्यांनी माझ्या वहीवर ठेवली.

दौंडची गाडी, शिरूरची एस.टी.

आम्ही एकूण एकोणीसजण होतो. दौंडच्या मंडळींत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन काका होते, दोन शिक्षिका होत्या आणि कॉलेजची चार मुले होती. शिरूरकडून रांजणगाव एमआयडीसीत पाळीवर जाणारे तिघे, त्यांच्या घरची माणसे, मावशी, त्यांची नववीतली नात आणि मी. बहुतेकजण १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या मानवंदनेत पाणीवाटपाला उभे होते. त्या लाखोंच्या गर्दीतून आलेल्या पायांना आता एक शांत वाट हवी होती.

दौंडकर रात्रीच्या गाडीत बसले. शिरूरकर एस.टी.ने पुण्याला येऊन त्याच गाडीत चढले. पहाटे कल्याण स्टेशनवर चहा झाला. तेथून एस.टी.ने मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाटाच्या रस्त्यावर वैशाखरे गावापाशी उतरलो, तेव्हा नुकते उजाडले होते. समोर सह्याद्रीची भिंत उभी आणि तिच्यात एक ठळक सुळका, आभाळाकडे दाखवलेल्या अंगठ्यासारखा. लोक त्याला नानाचा अंगठा म्हणतात. त्याच्या बाजूच्या खिंडीतून आम्हाला वर जायचे होते. सुमारे दोन हजार फुटांचा चढ!

पावसाळ्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, नाणेघाटात पाय ठेवायला जागा नसते असे सांगतात. वर जुन्नरच्या बाजूने खिंडीपर्यंत डांबरी रस्ता झाला असल्यामुळे गाड्यांच्या रांगा लागतात. पण जानेवारीत, खालच्या बाजूने चढणारे आम्हीच. वाटेत मोळी घेऊन उतरणाऱ्या दोन बाया भेटल्या, तेवढीच माणसे. सुरुवातीला सागाचे रान, खाली पडलेल्या पानांचा कर्रकर्र आवाज. मग कोरडा ओढा ओलांडला आणि चढ सुरू झाला. मुले गाणी लावायच्या बेतात होती. गँगमन काका म्हणाले, "पोरांनो, मोबाईल खिशात ठेवा. इथं काय ऐकू येतं ते ऐका." काय ऐकू येत होते? एखादा पक्षी, झाडावरून उडी मारणारे वानर, आणि आमच्या एकोणीसजणांचा श्वास.

मला राहून राहून तथागतांची आठवण होत होती. संघात पहिले साठ भिक्खू झाले तेव्हा तथागतांनी त्यांना एका जागी बसवून ठेवले नाही. बहुजनांच्या हितासाठी चालत राहा, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नका, असा उपदेश केला. पावसाचे तीन महिने सोडले तर भिक्खूंचे आयुष्य वाटेवरच जाई. म्हणून तर लेणी वाटांच्या कडेला आहेत! व्यापारी ज्या घाटाने माल नेत, त्याच घाटाने धम्मही चालला.

मावशी बसल्या

निम्मा चढ झाला असेल. एका मोठ्या दगडावर मावशी एकाएकी बसल्या. माझ्या पोटात गोळा आला. बहात्तर वर्षांची बाई, वरून ऊन चढू लागलेले, खाली जायला दीड तास, वर जायलाही तेवढाच. आपण यांना आणून चूक तर केली नाही ना? शिक्षिका बाईंनी पाण्यात मीठ-साखर कालवून पुढे केली. मी म्हणालो, "मावशी, दम लागला असेल तर आपण दोघे परत फिरू. बाकीचे जातील पुढे."

मावशींनी पाणी घेतले. मग सावकाश म्हणाल्या, "मला काय बी झालं न्हाई. मी दमून न्हाई बसले. बसावंसं वाटलं म्हनून बसले. माझा बाप सांगावा घिऊन निघायचा तवा त्येला वाटंत असं बसता येत नव्हतं. उशीर झाला तर शिव्या. म्या त्येला कंदी बसलेला बघितला न्हाई."

कोणी काही बोलले नाही. हळूहळू आम्ही सारेच आजूबाजूच्या दगडांवर बसलो. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. खाली मुरबाडच्या बाजूचा मुलूख धुक्यात निळसर दिसत होता. कोणाला जायची घाई नव्हती, कोणी हाक मारणार नव्हते, चावडीवर कोणी वाट पाहत नव्हते. त्या दिवसाची खरी सुरुवात तेथे झाली असे मला वाटते. विहारात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मावशींनी स्वतःच दिले होते. तीच वाट हुकुमाने चालली तर वेठ होते आणि मर्जीने चालली तर प्रवास होतो.

राणीचा हिशोब

शेवटच्या टप्प्यात वाट दगडी पायऱ्यांची होते आणि खिंडीच्या तोंडाशी कातळात कोरलेली एक मोठी गुहा लागते. हीच सातवाहन राणी नागणिकेची लेणी. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे. तो इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. १८२८ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच्याकडे जगाचे लक्ष वेधले. त्या वेळी ही लिपी वाचता येणारे कोणी उरलेले नव्हते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे उलगडले. त्यातूनच पुढे सम्राट अशोकाचे शिलालेख बोलू लागले आणि नाणेघाटही बोलू लागला.

तो काय बोलतो? राजघराण्याने केलेल्या यज्ञांची यादी सांगतो. अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक यज्ञ, आणि प्रत्येकाची दक्षिणा. कोठे ११,००० गाई आणि १,००० घोडे, कोठे २४,४०० कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. वाणिज्य शाखा शिकलेल्या आणि जन्मभर आकडे लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला या आकड्यांचे फार अप्रूप वाटले. कारण भारतातील अगदी जुन्या अंकचिन्हांपैकी काही येथे आहेत. त्या वेळी शून्य वापरून संख्या लिहिण्याची पद्धत आलेली नव्हती. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. वीस हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला वीसची खूण जोडायची, मग चार हजारांची, मग चारशेंची. म्हणजे २४,४०० हा आकडा तीन खुणांत उभा राहतो. कॉलेजच्या मुलांना हे समजावून सांगताना मी वेळ विसरलो.

मावशींची नात आमच्या विहारातील धम्मलिपी वर्गात रविवारी ब्राह्मी शिकते. गुहेच्या मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातील माणसांच्या प्रतिमा होत्या. प्रतिमा आता नाहीत, खालच्या बाजूला जेमतेम खुणा आहेत. पण वर कोरलेली नावे शिल्लक आहेत. पोर मान वर करून एकेक अक्षर लावू लागली. "रा... या... सि... मु... क." राजा सिमुक! सातवाहन घराण्याचा मूळपुरुष. ज्या घराण्यातील बापाला चावडीच्या कागदावरचे एक अक्षर वाचता येत नव्हते, त्या घराण्यातील पणती दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचे नाव दगडावरून वाचते! माझ्या अंगावर काटा आला. शिक्षणाचा आग्रह बाबासाहेबांनी का धरला होता, याचे याहून मोठे उत्तर मला तरी सापडणार नाही.

मावशी मात्र नातीकडे पाहून म्हणाल्या, "राजाचं नाव हाय, राणीचं हाय. आन् ह्या पायऱ्या ज्यानं फोडल्या, वझी ज्यानं वाहिली, त्येचं नाव लिवलंय का गं?"

नातीने लेखाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नाही, मावशी."

खरे तर नाणेघाट राजाने नव्हे, ओझ्याने चालता ठेवला. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. या पायऱ्यांवरून गाडी चढत नाही. म्हणजे माल चढला तो जनावरांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. खिंडीच्या वर एक मोठा दगडी रांजण आहे. घाटाची जकात म्हणून त्यात नाणी टाकत, अशी परंपरा सांगते. रांजण भरला तो त्या घामातून. राणीच्या लेखातील दक्षिणेचे कार्षापण कोठून आले असतील, याचा हिशोब करायला बी.कॉम. व्हावे लागत नाही!

टाक्याचे पाणी

लेण्याजवळ कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. वाटसरूंची सोय म्हणून केलेली. पिण्याचे पाणी आम्ही बरोबर आणले होते. पण तोंड-हातपाय धुवावेसे सगळ्यांनाच वाटले. टाके घाण होऊ नये म्हणून काकांनी तांब्याने पाणी काढले आणि बाजूला नेऊन एकेकाच्या ओंजळीत ओतले.

तेव्हा मी मुलांना १९३४ सालची हकीकत सांगितली. बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांना एकदा सहलीला जावेसे वाटले. होय, सहलीलाच! बाबासाहेबही बरोबर यायला तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असा बेत ठरला. सुमारे तीसजणांची मंडळी निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. प्रवासाच्या धुळीने सारे माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर तुडुंब भरलेला लहानसा तलाव होता. काहींनी तेथे हातपाय, तोंड धुतले. झाले! तलाव बाटवला म्हणून माणसे धावून आली, शिवीगाळ सुरू झाली, प्रकरण हातघाईवर येण्याची वेळ आली. शेवटी किल्ल्यात सोडले ते पाण्याला कोठेही शिवायचे नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. परदेशातील विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बसलेला हा महापुरुष, आपल्या माणसांबरोबर लेणी पाहायला निघाला आणि त्याला तोंड धुण्याचा हक्क नव्हता! महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ ला झाला, त्यालाही तोवर सात वर्षे होऊन गेली होती. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे.

मुले गप्प झाली. एक मुलगा हातातल्या पाण्याकडे पाहतच राहिला. मग त्याने ते तोंडावर मारले.

वाचकहो, सहल ही चैन आहे, चळवळीचा पैसा व वेळ त्यात कशाला घालवायचा, असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. मीही कधी काळी तसेच म्हणत असे. आता म्हणणार नाही. मनमोकळे हिंडणे, वाटेवर बसणे, पाण्याने तोंड धुणे, दगडावरचा लेख वाचणे, हे सारे आपल्याला नाकारलेले होते. जे नाकारले होते ते उपभोगणे हीदेखील चळवळच आहे.

आपल्याच नदीचा उगम

खिंड ओलांडली आणि वाऱ्याचा झोत आला. मागे कोकण, पुढे देश. डावी-उजवीकडे कडे, आणि जीवधन किल्ल्याचा पहाड अगदी जवळ. येथे पडणाऱ्या पावसाची मोठी गंमत आहे. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब थोड्याच अंतरावरच्या अरबी समुद्राला जातो. कड्याच्या पूर्वेला पडलेला थेंब सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातो. या पूर्वेच्या पाण्यातून कुकडी नदी होते. कुकडी माणिकडोहच्या धरणात अडते, जुन्नरजवळून वाहते, निघोजला दगडात रांजणखळगे कोरते आणि शिरूरच्या परिसरात घोडनदीला मिळते. घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडच्या कडेने जाते.

हे ऐकून शिरूरकर आणि दौंडकर एकमेकांकडे पाहून हसले. आम्ही परक्या मुलखात आलोच नव्हतो. आपल्या गावच्या पाण्याचे माहेर पाहायला आलो होतो.

पठारावरच्या सुकल्या गवतातून घाटघरला पोचलो. एका घरासमोर चहा मिळाला. भाकरी, पिठले, ठेचा सोडला. घरच्या ताईंनी मावशींना आग्रहाने कढी वाढली. त्या महादेव कोळी समाजाच्या. "आमच्याकडं पावसाळ्यात लई लोकं येत्यात, पण चालत वर आलेली म्हातारी पयलीच बघितली," असे त्या म्हणाल्या. त्यावर मावशींचा चेहरा पाहण्यासारखा झाला! पुढे डांबरी रस्त्याने तासभर चाललो आणि मग जुन्नरकडे जाणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलो.

बांबू विणणाऱ्यांची पत

जुन्नरच्या भोवती दीडशेहून अधिक लेणी आहेत. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री अशा डोंगरांतून ती विखुरली आहेत. दिवस उतरू लागला होता, म्हणून आम्ही लेण्याद्रीच गाठले. येथे एका ओळीत तीस लेणी आहेत. सातव्या क्रमांकाचे विहार सर्वांत मोठे. वीस खोल्या आणि एवढ्या मोठ्या सभामंडपात एकही खांब नाही. या बौद्ध विहारात पुढे गणपतीची स्थापना झाली आणि आज ते अष्टविनायकांपैकी एक म्हणून ओळखले जाते. भाविकांची रांग होती. आम्ही कोणाशी वाद घातला नाही. मुलांना भिक्खूंच्या खोल्या दाखवल्या, दगडी ओटे दाखवले आणि सांगितले, इतिहास भांडून मिळत नाही, वाचून मिळतो.

शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. आत दगडी स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांची रांग. चपला बाहेर काढून आम्ही बसलो. त्रिसरण-पंचशील घेतले. एकोणीसजणांचा आवाज कमानीत घुमून परत आला तेव्हा वाटले, कोणीतरी पूर्वीचे आपल्याबरोबर म्हणते आहे.

या चैत्यगृहावर दात्याचा लेख आहे. दाता कोण? कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. हेरणिक म्हणजे सोनार किंवा सराफ. कल्याणचा माणूस! पहाटे आम्ही जेथे चहा प्यालो त्या कल्याणचा. घाट चढून तो आला असेल किंवा त्याचा पैसा तरी घाट चढून आला असेल. सकाळपासून आम्ही ज्या वाटेने चाललो ती वाट या एका ओळीत होती.

मग मी मावशींना जवळ बसवले आणि म्हणालो, "सकाळी तुम्ही विचारलेत ना, कष्टाच्या माणसाचे नाव कुठे आहे म्हणून? आता ऐका." जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत राजे थोडे आणि साधे लोक पुष्कळ आहेत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. बाहेरून येऊन येथे राहिलेल्या तीन यवनांची दाने आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप, कोणी दर्शनी भाग. आणि एका लेखात तर दानाचा पैसा गुंतवल्याची नोंद आहे. आजच्या भाषेत मुदत ठेव म्हणा ना! ती ठेव कोणाकडे ठेवली? बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणीकडे.

"म्हंजी टोपल्या-सुपं विणणाऱ्यांकडं?" मावशींनी विचारले.

"त्यांच्याकडे."

"आन् त्येंच्यावर लोकांनी इसवास ठिवला?"

"ठेवला. दगडावर कोरून ठेवला."

आजच्या कोणत्या जातीशी त्या श्रेणींचे थेट नाते लावावे, असे मी म्हणत नाही. मधे दोन हजार वर्षे गेली आहेत. पण एवढे निश्चित, की ज्या कामाला पुढे गावकुसाबाहेर किंवा गावाच्या कडेला ढकलले, त्या कामाला येथे एके काळी पत होती. हाताने काम करणारी माणसे संघटित होती, त्यांच्याकडे लोक विश्वासाने पैसा ठेवत होते आणि त्या पैशातून संघाची सोय होत होती. आज कर्जासाठी पतपेढीत गेलेल्या आपल्या भगिनीला जामीनदार मिळत नाही. तिने एकदा हा लेख पाहावा!

घाटातील राणीच्या लेखात मोठे आकडे आहेत. लेण्यांतील दान लहान आहे. एक टाके, एक खोली, थोडी ठेव. पण त्या थोड्याथोडक्यातून जुन्नरचे डोंगर कोरले गेले. आपल्या विहाराचे बांधकाम अडले असे म्हणताना आपण मोठ्या दात्याची वाट पाहतो. जुन्नर सांगते, वाट पाहू नका, श्रेणी करा.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पावसात पायऱ्या निसरड्या असतात आणि ओढ्याला अचानक पाणी येते. उजाडताच चढायला लागावे. सावकाश चालणाऱ्याला तीन तास पुरतात. माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, भाकरी आणि पायात पक्के बूट एवढे सामान बस्स. गुडघे दुखणाऱ्यांनी जुन्नरहून गाडीने खिंडीपर्यंत यावे, त्यात कमीपणा नाही. एस.टी.त २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. तेव्हा घरातील बायका-म्हाताऱ्यांना खर्चाचे कारण सांगून मागे ठेवू नये. लेखाला हात लावू नये, त्यावर खडू किंवा पाणी ओतून अक्षरे उठवू नयेत, कोठेही आपले नाव कोरू नये. कचरा बरोबर खाली आणावा. आणि जाण्याआधी मुलांना ब्राह्मीची निदान दहा अक्षरे शिकवावीत. ती अक्षरे असली की तो दगड त्यांच्याशी बोलतो.

रात्री नारायणगावला आमच्या वाटा फुटल्या. दौंडकर पुण्याच्या गाडीत बसले, आम्ही शिरूरच्या वाटेला लागलो. निरोप घेताना काकांनी मावशींना हात जोडून "जयभीम" केला आणि म्हणाले, "ताई, मी चौतीस वर्षं रुळांवरून चाललो. ड्युटी म्हणून. आज पहिल्यांदा नुसता चाललो."

पुढच्या रविवारी मी विहारात हिशोब मांडला. जमा नऊ हजार पाचशे, खर्च जाता एकोणीसशे शिल्लक. शिल्लक माणशी शंभर रुपये परत करायची असे ठरले. मी मावशींची शंभराची नोट पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

म्हणाल्या, "म्होरल्या साली कुटं जायाचं त्ये ठरवा. ह्ये त्येच्यात लिवून ठिवा. माझं नाव पयलं."

वहीच्या नव्या पानावर मी तारीख घातली आणि पहिल्या ओळीत त्यांचे नाव लिहिले. वाचकहो, खालच्या ओळी मोकळ्या आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!